इन्स्टॉलेशन नेमके कुठे अडते?

सुटे भाग आणून घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकायला साधारण पंधरा ते तीस मिनिटे लागतात. उबुंटूसारखे लिनक्स बऱ्याचदा त्याहूनही लवकर उरकते. हा हिशोब एसएसडी, बऱ्यापैकी पेनड्राइव्ह आणि अलीकडचा प्रोसेसर धरून आहे. अशा यंत्रावर हेच काम दोन-तीन तास रेंगाळले, टक्क्यांचा आकडा एकाच जागी ठाण मांडून बसला किंवा प्रत्येक क्लिकनंतर मिनिटभर ताटकळावे लागले, तर कुठेतरी दोष आहे हे नक्की.

कंपनीतून तयार येणाऱ्या यंत्राची तपासणी कारखान्यातच झालेली असते. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून एकेक भाग आणून जुळवलेल्या यंत्राची तशी तपासणी कोणी केलेली नसते. ऑपरेटिंग सिस्टिम टाकणे हीच त्याची पहिली परीक्षा ठरते. पेनड्राइव्ह, डिस्क, रॅम, प्रोसेसर आणि मदरबोर्ड हे सगळे या कामात एकदम जुंपले जातात आणि त्यांतला सर्वांत कमजोर भाग बाकीच्यांना अडवून धरतो. त्यामुळे पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारून काही हाती लागत नाही. काम कोणत्या टप्प्यावर अडते हे आधी पाहावे. टप्पा कळला की संशयितांची यादी मोजक्या भागांवर येते.

चार टप्पे

पहिल्या टप्प्यात पेनड्राइव्हवरून एक छोटी, तात्पुरती विंडोज रॅममध्ये चढते. निळा लोगो आणि भाषा निवडण्याचा पडदा ही तिचीच रूपे. दुसऱ्या टप्प्यात इन्स्टॉलर यंत्राला जोडलेल्या सगळ्या डिस्क तपासून त्यांची यादी दाखवतो. तिसरा टप्पा सर्वांत अवजड असतो. त्यात पेनड्राइव्हवरची कित्येक जीबींची एकच दाबून भरलेली फाइल वाचली जाते, प्रोसेसर ती उलगडतो आणि त्यातून निघालेल्या हजारो छोट्या-मोठ्या फाइल्स डिस्कवर लिहिल्या जातात. चौथ्या टप्प्यात यंत्र रीस्टार्ट होते, हार्डवेअर ओळखले जाते, ड्रायव्हर बसतात आणि शेवटी इंटरनेट, खाते व अपडेट यांचे पडदे येतात.

लोगोवरच दहा मिनिटे गेली तर पेनड्राइव्ह, यूएसबी पोर्ट किंवा बायोसकडे पाहावे. डिस्कची यादी यायला वेळ लागला तर डिस्क, तिची केबल किंवा कंट्रोलरची सेटिंग तपासावी. टक्के अडले तर पेनड्राइव्ह, डिस्क, रॅम आणि उष्णता हे चौघेही संशयित असतात. रीस्टार्टनंतरची रखडपट्टी बहुधा ड्रायव्हरमुळे किंवा इंटरनेटमुळे होते.

कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवाही बरेच सांगून जातो. तो लुकलुकत असेल तर काम हळू का होईना चालू आहे. तो कित्येक मिनिटे सलग पेटलेला राहिला आणि टक्के हलले नाहीत, तर डिस्क एकाच ठिकाणी अडखळत असण्याची शक्यता मोठी. मात्र दिवा कधीच लागत नसेल, तर आधी त्याची दोन टोकांची वायर उलटी बसलेली नाही ना, हे पाहावे. घरी जुळवणी करताना ही चूक नेहमी होते.

पेनड्राइव्ह आणि पोर्ट

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा दोषी ठरणारा भाग म्हणजे पेनड्राइव्ह. यूएसबी २.० चा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. प्रत्यक्षात त्यातून सेकंदाला ३० ते ४० एमबी मिळतात. सहा जीबींचा मजकूर ३० एमबीच्या वेगाने वाचायला सव्वातीन-साडेतीन मिनिटे लागतात. पेनड्राइव्ह सेकंदाला ५ एमबीच देत असेल तर त्याच कामाला वीस मिनिटे लागतात, आणि मध्येच वाचन अडखळले तर याहूनही जास्त. म्हणून दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्या पेनड्राइव्हवरची सर्वांत मोठी फाइल कॉपी करून वेग पाहावा. वेग सुरुवातीला चांगला असून पुढे शून्यावर येत असेल, तर तो पेनड्राइव्ह बाजूला ठेवावा. क्षमता वाढवून छापलेले बनावट पेनड्राइव्हही बाजारात असतात. त्यांच्यात फाइल गेल्यासारखी दिसते, पण वाचताना ती अर्धवट निघते.

पेनड्राइव्ह कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये न लावता मागे, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावावा. पुढचे पोर्ट लांब वायरीने बोर्डाला जोडलेले असतात आणि ती जोडणी सैल राहू शकते. यूएसबी हब, कार्ड रीडर, वेबकॅम, प्रिंटर हे सगळे काढून फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवावा.

ज्या आयएसओ फाइलवरून पेनड्राइव्ह तयार करायचा, ती अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिथे दिलेला एसएचए-२५६ पडताळणी-आकडा जुळतो का ते पाहावे. डाउनलोडमध्ये एक तुकडा जरी बिघडला असला, तरी इन्स्टॉलर अडतो किंवा फाइल खराब असल्याचा संदेश देतो.

डिस्क आणि तिची केबल

यंत्रात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर थोडा उशीर स्वाभाविक मानावा. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत होतो. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद जातात आणि हेड सरकायला आणखी आठ-नऊ. थोडक्यात, वेगवेगळ्या जागी विखुरलेल्या छोट्या फाइल्सची अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ७५ ते ८० कामे करते. साधी एसएसडी हजारोंनी करते. त्यामुळे हार्ड डिस्कवर विंडोज टाकायला तासभर लागला, तर तो बिघाड म्हणता येत नाही.

तीन-चार तास लागले तर मात्र डिस्कची प्रकृती तपासायला हवी. प्रत्येक डिस्क स्वतःच्या आजारपणाची नोंद ठेवते; तिला स्मार्ट नोंद म्हणतात. डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममधून ती वाचता येते. त्यातल्या तीन ओळी महत्त्वाच्या आहेत. क्रमांक ५ निकामी होऊन बदललेल्या सेक्टरांची संख्या सांगतो. क्रमांक १९७ वाचता न आल्यामुळे निकाल बाकी असलेले सेक्टर मोजतो. क्रमांक १९९ केबलमधून जाताना बिघडलेल्या माहितीची मोजदाद करतो. पहिल्या दोन ओळींतला आकडा वाढत असेल तर डिस्क बदलण्याला पर्याय नाही, कारण खराब सेक्टर वाचताना डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते आणि तोवर इन्स्टॉलर थांबून राहतो. १९९ चा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कमध्ये नसून साटा केबलमध्ये असतो. हा आकडा कधीच शून्यावर येत नाही; म्हणून केबल बदलल्यावर तो तिथेच थांबला का, एवढेच पाहायचे.

दोषी डिस्क विंडोज टाकायची तीच असेल असेही नाही. इन्स्टॉलर जोडलेली प्रत्येक डिस्क तपासतो. जुने फोटो ठेवण्यासाठी लावलेली दुसरी, मरायला टेकलेली डिस्कही सगळे काम अडवू शकते. म्हणून इन्स्टॉलेशनच्या वेळी जिच्यावर विंडोज टाकायची ती सोडून बाकी सगळ्या डिस्क काढून ठेवाव्यात. त्यामुळे चुकीची डिस्क पुसली जाण्याचा धोकाही टळतो.

इथे एक सोपी चाचणी उपयोगी पडते. विंडोजच्या इन्स्टॉलेशनमध्ये शिफ्ट आणि एफ१० ही बटणे एकत्र दाबली की कमांडची काळी खिडकी उघडते. तिथे डिस्कपार्ट सुरू करून डिस्कची यादी मागावी. ती लगेच आली तर डिस्कशी बोलणे नीट चालू आहे. तिलाच मिनिटभर लागले तर खोट इन्स्टॉलरमध्ये नसून डिस्क, केबल किंवा कंट्रोलरमध्ये आहे. यादी मागण्याने काही पुसले जात नाही. डिस्कपार्टमधली क्लीन ही आज्ञा मात्र निवडलेली डिस्क रिकामी झाल्यासारखी करून टाकते, तेव्हा तिच्या वाटेला विचार करूनच जावे.

एसएसडी असूनही काम मंद चालत असेल तर ती कोणत्या खाचेत बसली आहे ते पाहावे. सगळ्या एम.२ खाचा सारख्या नसतात. काहींत फक्त एनव्हीएमई चालते, काहींत साटाही चालते, तर काही बोर्डांवर एम.२ खाच वापरली की एखादे साटा पोर्ट बंद पडते. याचा तक्ता मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

बायोसमधल्या सेटिंग्ज

जुन्या बोर्डांवर साटा कंट्रोलर आयडीई पद्धतीवर ठेवलेला असतो. त्यामुळे डिस्कला एका वेळी अनेक आज्ञा रांगेत देता येत नाहीत. तो एएचसीआयवर ठेवावा, आणि तेही विंडोज टाकण्याआधी. नंतर बदलल्यास विंडोज सुरूच न होण्याची शक्यता असते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या काही यंत्रांत व्हीएमडी ही सेटिंग चालू असते. तेव्हा इन्स्टॉलरला एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही. अशा वेळी इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा किंवा ती सेटिंग बंद करावी.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय लागते. एएमडीच्या काही यंत्रांत हे काम प्रोसेसरमधली एफटीपीएम करते आणि तिच्यामुळे मधूनमधून यंत्र क्षणभर गोठते, हे एएमडीने २०२२ मध्ये मान्य केले. त्यावरचा उपाय नव्या बायोसमधून देण्यात आला. म्हणून जुन्या साठ्यातला बोर्ड घेतला असेल तर आधी बायोस अपडेट करावे. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. त्यामुळे यूपीएस नसेल तर हे काम भरवशाच्या वेळी करावे.

जुनी विंडोज टाकणाऱ्यांच्या अडचणी निराळ्या असतात. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चे ड्रायव्हर नाहीत, त्यामुळे नव्या बोर्डावर तिच्या इन्स्टॉलरमध्ये कीबोर्ड आणि माउसच चालत नाहीत. त्या काळच्या बोर्डांवर फ्लॉपी ड्राइव्ह नसताना बायोसमध्ये तो चालू ठेवलेला असे. इन्स्टॉलर नसलेली फ्लॉपी शोधत बसे आणि एकेक पडदा यायला कित्येक मिनिटे लागत. ती एक सेटिंग बंद केली की काम सुरळीत होई.

रॅम आणि उष्णता

डीडीआर५ रॅमच्या नव्या यंत्रात पहिल्यांदा वीज दिल्यावर काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो. त्या वेळात बोर्ड रॅमशी आपला ताल जुळवून घेत असतो. घाबरून रीसेट दाबला की ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तेव्हा थोडा धीर धरावा.

रॅमचा वेग वाढवणाऱ्या एक्सएमपी किंवा एक्स्पो या सेटिंग्ज इन्स्टॉलेशन पूर्ण होईपर्यंत बंद ठेवाव्यात. इन्स्टॉलेशन एकदा एका वेगाने, एकदा दुसऱ्या वेगाने चालत असेल किंवा फाइल खराब असल्याचे संदेश दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर येत असतील, तर संशय रॅमवर घ्यावा. एकच पट्टी लावून पाहावी, मग तीच दुसऱ्या खाचेत लावावी. मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालतो. त्याला रात्रभर चालू द्यावे. एकही चूक दिसली तरी ती पट्टी किंवा तिची सेटिंग सदोष समजावी.

टक्के सुरुवातीला भराभर वाढून मग मंदावत गेले, तर प्रोसेसर तापत असण्याची शक्यता असते. दाबून भरलेली फाइल उलगडताना प्रोसेसरला बरेच काम पडते. तापमान मर्यादेजवळ, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत १०० अंशांच्या आसपास, गेले की तो स्वतःचा वेग उतरवतो. बायोसमध्ये नुसते बसून असतानाच तापमान ८०-९० अंश दाखवत असेल तर कूलर नीट टेकलेला नाही. चारपैकी एखादी खुंटी न अडकणे, थर्मल पेस्ट राहून जाणे, कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म न काढणे ही यामागची नेहमीची कारणे. एम.२ डिस्कवरच्या हीटसिंकच्या पॅडवरही अशीच फिल्म असते. ती राहिली की एसएसडी तापून मंदावते.

शेवटचा टप्पा आणि इंटरनेट

रीस्टार्टनंतर यंत्र इंटरनेटला जोडलेले असेल तर इन्स्टॉलर अपडेट उतरवू लागतो. त्या वेळी दिसणारा विलंब यंत्राचा नसून जोडणीचा असतो. उबुंटूच्या काही आवृत्त्यांत इन्स्टॉलेशनसोबत अपडेट उतरवण्याचा पर्याय दिलेला असतो. तो काढून टाकला की वेळ वाचतो. विंडोज ११ च्या होम आवृत्तीला मात्र नेहमीच्या मार्गाने खाते जोडताना इंटरनेट लागतेच. तिथे मोबाइलचा कमजोर हॉटस्पॉट न वापरता राउटरची केबल लावावी.

तपासणीचा क्रम

सुरुवात स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून करावी. आधी जादाची उपकरणे आणि डिस्क काढाव्यात. मग पेनड्राइव्ह आणि पोर्ट बदलावा. नंतर बायोस मूळ सेटिंगवर आणून तापमान पाहावे. त्यानंतर साटा केबल, मग रॅमची एकेक पट्टी आणि शेवटी डिस्क बदलून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर काम सुरळीत होते, पण गुन्हेगार सापडत नाही. उबुंटू न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. ते झपाट्याने चालले तर पेनड्राइव्ह, पोर्ट, प्रोसेसर आणि रॅम यांच्यावरचा संशय कमी होतो आणि डिस्ककडे वळता येते.

कसेबसे इन्स्टॉलेशन पूर्ण झाले तरी तपास सोडू नये. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली डिस्कची क्रमांक ७ ची नोंद खराब ब्लॉकची असते, तर १२९ ची नोंद डिस्कने वेळेत उत्तर न दिल्याची. अशा नोंदी रोज येत असतील तर विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये. महत्त्वाच्या फाइल्सची प्रत काढून बिल आणि वॉरंटीच्या कागदांसह तो भाग बदलून घ्यावा.