नाव भाड्याने मिळणार नाही

अर्धवेळ नोकरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे संध्याकाळी दोन तास दुकानाचे हिशेब लिहिणारे निवृत्त कारकून येतात. तास थोडे, पगार बेताचा, आणि घरी परतले की डोक्याला ताप नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात पंचावन्नाव्या वर्षी मी जी अर्धवेळ नोकरी धरली, तिला यातल्या पहिल्या दोन गोष्टी लागू आहेत. तिसरी अजिबात नाही. मी ट्रान्सपोर्ट मॅनेजर आहे. गाड्या दुसऱ्याच्या, ड्रायव्हर दुसऱ्याचे, जबाबदारी मात्र माझी.

ब्रिटनमध्ये साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या गाडीतून दुसऱ्याचा माल भाड्याने वाहायचा, तर मालकाला परवाना लागतो. तो देणारा अधिकारी म्हणजे ट्रॅफिक कमिशनर. मालकाकडे पुरेसे पैसे आहेत की नाहीत, हेही तो पाहतो. पहिल्या गाडीमागे ८,००० पौंड आणि पुढच्या प्रत्येक गाडीमागे ४,५०० पौंड दाखवावे लागतात. शिवाय एक परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस नावानिशी परवान्यावर असावा लागतो. तोच ट्रान्सपोर्ट मॅनेजर. मोठ्या कंपन्या तो पूर्ण पगारावर ठेवतात. तीन-चार गाड्यांच्या मालकाला ते परवडत नाही. त्याच्यासाठी कायद्याने बाहेरच्या, अर्धवेळ मॅनेजरची सोय ठेवली आहे. अशा माणसाला जास्तीत जास्त चार मालक आणि सगळे मिळून पन्नास गाड्या सांभाळता येतात.

मी वीस वर्षे एका गोदामाच्या वाहतूक विभागात होतो. कोणती गाडी कुठे, किती वाजता, कोणता माल घेऊन जाणार, याचे वेळापत्रक लावायचे. गोदाम बंद झाले आणि घरी बसायची वेळ आली, तेव्हा ही परीक्षा द्यायचे ठरवले. सौ. म्हणाली, "अहो, मुलांच्या परीक्षा संपल्या म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला, तर आता तुमच्या!" दोन पेपर असतात. एकात पर्यायी उत्तरे, तर दुसऱ्यात एका काल्पनिक कंपनीची अडचण सोडवायची. दुसऱ्या पेपरला पुस्तके नेता येतात, हे ऐकून मुलगा हसला. पण पुस्तकात उत्तर शोधत बसणाऱ्याला वेळ पुरत नाही, हे पहिल्या सराव पेपरातच कळले.

पास झालो, आणि महिन्याभरात पहिला निरोप आला. गृहस्थ सहा गाड्यांचे मालक. म्हणाले, "तुम्ही यायची गरज नाही. प्रमाणपत्राची प्रत द्या, अर्जावर सही करा, महिन्याच्या महिन्याला पैसे पोचतील." नोकरी नसलेल्या माणसाला हे बोलणे गोड वाटावे असेच होते. पण कायदा म्हणतो की मॅनेजरने गाड्यांचे व्यवस्थापन प्रत्यक्ष आणि सतत केले पाहिजे. नुसते नाव भाड्याने दिले आणि पुढे काही घडले, तर कमिशनरसमोरच्या चौकशीत मालकाशेजारी तोही उभा राहतो. तिथे त्याची पत गेली की देशभर कुठेही हे काम करता येत नाही. मी नम्रपणे नकार दिला.

दुसरे मालक भेटले ते पंजाबी सरदारजी. स्वतः वीस वर्षे गाडी चालवून मालक झालेले. चार गाड्या, त्यातल्या दोन कर्जावर. आठवड्याचे आठ तास ठरले. तेव्हापासून माझा शनिवार त्यांच्या यार्डात जातो.

तिथे मी काय करतो? बराचसा वेळ कागद वाचतो. ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटे विश्रांती घ्यायलाच हवी. दिवसाला नऊ तास चालवायचे, आठवड्यातून दोनदा दहा चालतात. आठवड्याला ५६ आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९० तासांच्या वर जायचे नाही. गाडीतले टॅकोग्राफ नावाचे यंत्र ही सारी नोंद ठेवते. ड्रायव्हरच्या कार्डावरची नोंद २८ दिवसांच्या आत उतरवून घ्यायची, गाडीतली ९० दिवसांच्या आत. कोण कुठे घाई करतो, कोण विश्रांतीच्या नावाखाली माल उतरवत असतो, हे त्या रेघांवरून हळूहळू वाचता येऊ लागते.

दुसरा कागद म्हणजे दोषवही. रोज सकाळी गाडी काढण्याआधी ड्रायव्हरने तिच्याभोवती फिरून टायर, दिवे, आरसे, ब्रेकच्या हवेची गळती बघायची आणि काही आढळले तर लिहायचे. सरदारजींच्या वह्या अगदी स्वच्छ होत्या. सहा आठवडे, चार गाड्या, प्रत्येक पानावर 'दोष नाही'. नवख्याला आनंद व्हावा! पण त्याच सहा आठवड्यांअखेर गॅरेजच्या तपासणीत एक टायर झिजून गुळगुळीत झालेला आणि दोन दिवे बंद सापडले होते. टायर काही एका रात्रीत झिजत नाही. स्वच्छ वहीचा अर्थ एवढाच, की गाडीभोवती कोणी फिरतच नव्हते.

याने काय होते, हे ९ फेब्रुवारी २०१५ रोजी बाथ शहरात दिसले. खडी भरलेला एक टिपर तीव्र उतारावर ब्रेक न लागल्याने सुटला. आजीबरोबर रस्ता ओलांडणारी चार वर्षांची मुलगी आणि एका मोटारीतले तीन पुरुष ठार झाले. ड्रायव्हर एकोणीस वर्षांचा होता. न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. मालक आणि मेकॅनिक यांना २०१७ च्या जानेवारीत तुरुंगवास झाला. दोष होता न पाहिलेल्या ब्रेकचा. तपासण्या करायच्या आणि त्यांचे कागद पंधरा महिने जपायचे, हा इथला नियम मी त्यानंतर कधी कटकट म्हणून पाहिला नाही.

बाथचा तो उतार वाचताना मला खंबाटकीचा घाट आठवला. माझे मामा सांगलीहून हळद घेऊन मुंबईला जात. एकच ट्रक, तेच मालक, तेच ड्रायव्हर. घाटाच्या माथ्यावर गाडी उभी करून नारळ फोडत आणि मग उतरत. भारतातही तेव्हा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातलेली होती. पण "मामा, तुम्ही काल किती तास झोपलात?" असे विचारणारा, उत्तर लिहून घेणारा आणि त्याखाली स्वतःचे नाव घालणारा माणूस मी लहानपणी कधी पाहिला नाही. मामी मात्र तेच रोज विचारायची.

कसोटीचा दिवस चौथ्या महिन्यात आला. शुक्रवारी दुपारी गॅरेजमधून ब्रेकच्या चाचणीचा कागद आला. एका मागच्या चाकाचा ब्रेक जवळजवळ लागतच नव्हता. सुटा भाग सोमवारी मिळणार होता, आणि गाडी शनिवारी पहाटे माल घेऊन निघणार होती. सरदारजी म्हणाले, "भाईसाहब, बस एक चक्कर! गाडी रिकामी उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. हप्ता खरा होता, घरात दोन मुले कॉलेजात होती. मी गाडीची किल्ली कपाटात ठेवली आणि गाडी रस्त्यावर न्यायची नाही असे लिहून सही केली. त्यांनी भाड्याची गाडी शोधली, मिळाली नाही. ते काम दुसऱ्याला गेले, आणि परत आले नाही. दोन शनिवार सरदारजी माझ्याशी कामापुरतेच बोलले. चहा मात्र ठेवत होते.

तिसऱ्या शनिवारी वही उघडली, तर एका पानावर वेड्यावाकड्या अक्षरात 'डावीकडचा मागचा दिवा बंद' असे लिहिले होते. पुढच्या आठवड्यात आणखी दोन नोंदी. मॅनेजर खरोखरच गाडी थांबवतो, हे ड्रायव्हरांना कळले होते, म्हणजे लिहिण्यात अर्थ होता.

या कामात नव्याने पडणाऱ्याला माझे सांगणे थोडकेच आहे. होकार देण्याआधी मागच्या सहा महिन्यांचे कागद मागा. गाडी थांबवण्याचा अधिकार करारात लिहून घ्या. पहिल्या वर्षी एकाच मालकाचे काम धरा. आणि ऐकलेच जात नसेल, तर राजीनामा देऊन कमिशनरला कळवा. मालकाला दुसरा माणूस शोधायला मुदत मिळू शकते.

सध्या माझ्याकडे सरदारजींच्याच चार गाड्या आहेत. आता आणखी एकाने विचारले आहे. सात गाड्या आहेत, सगळे व्यवस्थित आहे म्हणतो. पुढच्या शनिवारी दुपारी त्याच्या दोषवह्या पाहायला जाणार आहे. त्यांत दोष लिहिलेले सापडले, तर बोलणी पुढे नेईन.