मिटलेलं पातं, उघडं पातं

गेल्या जानेवारीत आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन पाती आठवडाभर पडून होती. शेवटी बायको म्हणाली, "अहो, एकदाचं काय ते ठरवा आणि हे उचला. पोळ्या कुठे लाटू मी?" प्रश्न रास्त होता. पण माझा निर्णय होत नव्हता.

ही पाती बाणाच्या टोकाला लावायची. पेनसिल्वेनियात येऊन मला तीस वर्षं झाली. इथे ऑक्टोबर उजाडला की पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा धनुष्यबाणाचा मोसम सुरू होतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा शब्दच आपण आठवणींच्या पुस्तकात ठेवून दिला, आणि ते योग्यच झालं. इथला हिशेब निराळा आहे. हरणं उदंड, लांडगे केव्हाच संपलेले, आणि शिकार परवान्यानं, मोजून. बंदुकांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे. तोच पुढे धनुष्य आणि बाणाच्या पात्यांवरही आला, आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. मी या नादाला लागलो तो शेजाऱ्यामुळे. हा निवृत्त लेथ कामगार, बोलायला कमी. त्यानंच मला परवान्याआधीच्या सक्तीच्या वर्गाला नेऊन बसवलं. आमच्या आईला हे कधी सांगितलं नाही. फोनवर ती विचारायची, "सुट्टीत काय करतोस?" मी म्हणायचो, "रानात फिरतो." खोटं नव्हतं.

तर पाती. गोळी धक्क्यानं मारते, बाण कापून मारतो. म्हणून बाणाच्या टोकाशी दाढीच्या पात्याइतकी धार लागते. त्याला इकडे ब्रॉडहेड म्हणतात. एक प्रकार जुना: पाती कायम उघडी, घट्ट बसवलेली. हलणारा भागच नाही, त्यामुळे बिघडायलाही काही नाही. दुसरा प्रकार मिटणारा. हवेतून जाताना पाती छत्रीसारखी अंगाशी मिटलेली, रबराच्या कड्यानं किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं धरलेली. हरणाला लागताक्षणी ती उघडतात. जुन्याचा छेद एक ते सव्वा इंच रुंद, मिटणाऱ्याचा दीड ते दोन इंच, क्वचित जास्तही. रुंद छेद म्हणजे रक्ताचा माग ठळक, आणि माग ठळक म्हणजे जनावर सापडण्याची शक्यता अधिक.

शिवाय मिटलेलं पातं सरळ जातं. उघड्या पात्यांचे बाणाच्या नाकावर जणू छोटे पंखच होतात. धनुष्य किंचित जरी बेसूर असलं तरी ते बाणाला भलतीकडे वळवतात. सरावाच्या साध्या टोकानं तीस यार्डांवर पेल्याएवढ्या जागेत बाण लावणारा माणूस उघडं पातं बसवताच सहा इंच बाजूला मारतो, हे मी पाहिलं आहे. तो माणूस मीच.

एवढं सगळं मिटणाऱ्याच्या बाजूनं असताना अडचण कुठे येते? ती अशी, की पाती उघडायलाही जोर खर्च होतो, आणि रुंद छेद मांसातून ओढून न्यायला त्याहून जास्त. हा जोर धनुष्यानं आधी द्यावा लागतो. ऑरेगॉन, वॉशिंग्टन, आयडाहो या राज्यांत मोठ्या जनावरांसाठी मिटणाऱ्या पात्यांना कित्येक वर्षं मनाई होती, ती उगाच नव्हे. उलट मेरीलँडमधल्या इंडियन हेड इथल्या नौदलाच्या तळावर शिकाऱ्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. तिथे जुन्या पात्यानं लागलेल्या हरणांपैकी सुमारे ८२ टक्के सापडली, मिटणाऱ्यानं लागलेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के. हे आकडे माझ्याकडे आले की मी लगेच मिटणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसायचो. पण आकड्यात माझ्यासारखा दुखऱ्या खांद्याचा माणूस किती, ते कळायला मार्ग नाही.

कारण मधल्या काळात माझा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, साठ पाउंडांचं धनुष्य विसरा. मग लवत्या पट्ट्या बदलून ताण पंचेचाळीसवर आणला. इथला कायदा पस्तीसला परवानगी देतो, म्हणजे कायद्यानं मी ठीक होतो. पण बाणाचा वेग सेकंदाला २६५ फुटांवरून २३० वर आला आणि जोर ६२ फूट-पाउंडांवरून ४७ वर. पाती मात्र मी बदलली नाहीत. डबी अर्धी भरलेली होती, एवढंच कारण.

त्या ऑक्टोबरात बावीस यार्डांवर एक मादी आली. मी सोडलं आणि तिनं अर्धं पाऊल पुढे टाकलं. बाण खांद्याच्या हाडावर बसला. चार इंच आत गेला असेल, आणि काडी मोडली. शेजारी आणि मी अर्धा तास थांबलो, मग टॉर्च घेऊन निघालो. पानांवर थेंब, मग दहा पावलांवर थेंब, मग काही नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन्ही काठांनी शोधलं, संध्याकाळपर्यंत. नाही सापडली.

शेजाऱ्यानं पात्याला दोष दिला नाही. "नेम चुकला," एवढंच म्हणाला. खरं आहे, खांद्याच्या हाडानं भल्याभल्यांचे बाण अडवले आहेत. पण पंचेचाळीस पाउंडांच्या जोरातून छत्री उघडायचा खर्च मी का केला, हा प्रश्न उरलाच. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये डॉ. एड ॲशबी यांनी बाण किती खोल जातो याच्या चाचण्या घेतल्या. जड बाण आणि अरुंद, दोन धारांचं, एकसंध पातं हा त्यांचा आग्रह. तगड्या धनुष्यवाल्यानं त्याकडे दुर्लक्ष केलं तर चालेल. मला परवडणार नव्हतं.

टेबल मोकळं झालं ते असं. मी दोन धारांचं पातं घेतलं, जड काड्या घेतल्या. वसंतापासून गॅरेजमध्ये चौकटीत कागद ताणून सहा फुटांवरून बाण मारायचे आणि कागद कसा फाटतो ते पाहायचं: शेपूट डावीकडे फाडते की वर. मग बाण टेकवायची जागा केसभर सरकवायची. साधं टोक आणि उघडं पातं एकाच जागी लागायला जुलै उजाडला. वीस यार्डांपलीकडे मारायचं नाही, हेही ठरवून टाकलं. धार रोज रात्री दगडावर आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर. वडील वस्तरा लावायचे तशी. मनगटावरचे केस निघाले की झालं. बायको म्हणते माझा डावा हात शाळकरी पोरासारखा दिसतो.

उरलेली मिटणारी पाती शेजाऱ्याला नेऊन दिली. त्याचं धनुष्य सत्तर पाउंडांचं, त्याला ती उत्तम. त्यानं तीन पात्यांची डबी उघडली, आत दोन होती. तिसऱ्याबद्दल त्यानं विचारलं नाही. डबी खिशात टाकली आणि म्हणाला, शनिवारी पहाटे पाचला तयार राहा, वारा उत्तरेचा असेल तर ओढ्याकडच्या झाडावर बसू.