छोट्या नभोवाणी केंद्रांची रात्र

सूर्य मावळला की मध्यम लहरींच्या रेडिओवर गर्दी होऊ लागते. दिवसा जेथे एकच आवाज स्वच्छ ऐकू येतो, तेथे रात्री दूरदूरचे चार आवाज एकमेकांत मिसळतात. हौशी श्रोत्याला यात मौज वाटते. परंतु अमेरिकेतील लहान गावांच्या नभोवाणी केंद्रांना हीच गोष्ट कित्येक दशके जाचत आली आहे. अंधार पडताच त्यांचा आवाज त्यांच्याच गावाच्या वेशीपाशी अडखळतो.

याचे मूळ निसर्गात आहे. मध्यम लहरी दिवसा प्रामुख्याने जमिनीलगत प्रवास करतात. आकाशाकडे गेलेल्या लहरी आयनांबराचा खालचा थर शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणजे रात्री गावचे केंद्र दुबळे होते असे नव्हे. त्याच्या जागेवर परके आवाज येऊन बसतात.

भारतात मध्यम लहरींवरील प्रक्षेपण एकट्या आकाशवाणीकडे राहिल्याने ही वाटणी एकाच घरातली होती. अमेरिकेत मात्र अशी चार हजारांहून अधिक केंद्रे असून त्यांचे मालक अनेक आहेत. त्यामुळे रात्रीची वाटणी कायद्यानेच करणे भाग पडले. १९२८ साली लहरींची फेरमांडणी झाली, तेव्हा काही जागा मोठ्या केंद्रांसाठी मोकळ्या राखण्यात आल्या. ज्या खेड्यांजवळ केंद्र नव्हते, त्यांना रात्री दूरवरचा तरी आवाज मिळावा, हा त्यामागील हेतू रास्त होता. तथापि त्याची किंमत लहानांनी मोजली. अनेकांना परवाना मिळाला तो सूर्यास्तापर्यंतचाच. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात पाचच्या आतच अंधार पडतो. नेमकी माणसे कामावरून घरी परतण्याच्या वेळी, शाळेचा सामना किंवा नगरपालिकेची सभा सुरू होण्याच्या वेळी गावचे केंद्र मुके होई. पुढे यांतील पुष्कळांना रात्री बोलण्याची मुभा मिळाली, पण ती २५० वॅटपेक्षाही कमी शक्तीने.

मग शक्ती वाढवावी, हा उपाय कोणालाही सुचेल. तो करूनही पाहण्यात आला. १२३०, १२४०, १३४०, १४००, १४५० आणि १४९० किलोहर्ट्झ या सहा जागा स्थानिक केंद्रांसाठी आहेत. प्रत्येकीवर शंभराहून अधिक केंद्रे दाटीने बसली आहेत. १९८४ साली त्यांची रात्रीची कमाल शक्ती २५० वॅटवरून १,००० वॅट करण्यात आली. विजेच्या खरखरीवर त्यामुळे काहीशी मात झाली. परस्परांचा उपद्रव मात्र होता तेवढाच राहिला. पंगतीत सगळेच चौपट मोठ्याने बोलू लागले, तर शेजाऱ्याचे बोलणे अधिक स्पष्ट ऐकू येत नाही.

डागडुजीला वाव आहे, हे खरे. मनोऱ्याभोवती जमिनीत चाकाच्या आऱ्यांप्रमाणे तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. चांगल्या मांडणीत त्या १२० असतात. जुन्या केंद्रांत त्या गंजतात, तुटतात, प्रसंगी चोरीसही जातात. त्या नव्याने घातल्यास गमावलेली ताकद परत मिळते. परंतु त्यामुळे आकाशमार्गे येणारी गर्दी थांबत नाही.

खरा दिलासा मिळाला तो दुसऱ्याच दारातून. २००९ साली केंद्रीय दळणवळण आयोगाने या केंद्रांना आपला कार्यक्रम एफ. एम.च्या लहान सहप्रक्षेपकावरून ऐकविण्याची परवानगी दिली. एफ. एम. लहरींना रात्रीच्या परावर्तनाचा हा जाच नाही. २५० वॅटचा सहप्रक्षेपकही लहान गावाला पुरतो. सूर्यास्ताला मूळ केंद्र बंद झाले तरी या मार्गाने कार्यक्रम चालू ठेवता येतो. २०१५ साली नियम आणखी सैल झाले. मात्र रात्री गावाचा ठरावीक भाग व्यापलाच पाहिजे, ही चालू केंद्रांवरील अटही त्याच वेळी काढून टाकण्यात आली. ती काढल्याने केंद्रचालकांची अडचण दूर झाली, श्रोत्यांची नव्हे.

शिवाय हे साह्य उसने आहे. सहप्रक्षेपकाचा हक्क दुय्यम असल्याने पूर्ण परवान्याच्या केंद्राला त्याचा उपद्रव झाल्यास त्यालाच माघार घ्यावी लागते. २०२० साली मध्यम लहरींवर निव्वळ अंकीय प्रक्षेपणास मान्यता मिळाली, पण ते जुन्या रेडिओवर ऐकूच येत नाही. मोठ्या केंद्रांचे रात्रीचे संरक्षण कमी करावे, असा प्रस्ताव २०१८ साली पुढे आला, तेव्हा संकटकाळी आपलाच आवाज अनेक राज्यांपर्यंत पोहोचतो, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने झाला. तो खोटा नाही. परंतु दूरच्या शहरातील निवेदक वादळाची वार्ता देईल. आपल्या ओढ्यावरचा पूल वाहून गेला हे तो सांगणार नाही.

म्हणूनच रात्रीचा प्रश्न वॅटचे आकडे मांडून संपत नाही. १८ जानेवारी २००२ रोजी मध्यरात्रीनंतर नॉर्थ डकोटातील माइनॉट शहराजवळ मालगाडी घसरून विषारी अमोनिया वायू पसरला. प्रक्षेपण चालू होते. पण इशारा देण्यासाठी पोलिसांना केंद्रातील माणसाशी वेळेत संपर्क साधता आला नाही आणि इशारा-यंत्रणाही उपयोगी पडली नाही.

या घटनेतून मिळणारा बोध स्पष्ट आहे. सहप्रक्षेपक गावासाठी आहे, तर त्या सवलतीबरोबर गावाची जबाबदारीही आली पाहिजे. रात्री लहर वेशीपर्यंत पोहोचावी यासाठी कायद्याने वाट करून दिली, हे योग्यच झाले. ती वाट सार्थकी लागायची, तर अपरात्री केंद्रातील फोन उचलून ध्वनिक्षेपकासमोर बसणारे कोणीतरी असले पाहिजे.