कानशिलाचे दुखणे

म्हातारपणी डोके दुखले, की घरात म्हणतात, "ऊन लागलं असेल. सुंठेचा लेप लावा." वरणगावचे ऊन तसे आहेच. वैशाखात तर विचारू नका. पण एक डोकेदुखी उन्हाची नव्हे. ती वेळीच ओळखली नाही, तर डोळा जातो. तिची माहिती आज आपण घेऊ.

कानाच्या पुढे, कानशिलावर बोट ठेवा. आत ठकठक लागते ना? ती रक्ताची नळी. अशा नळ्या डोक्याला, जबड्याला, डोळ्याला रक्त पोचवतात. काही म्हाताऱ्या माणसांत या नळ्यांना सूज येते. आतली वाट अरुंद होते. पाटात गाळ साचला, की शेवटच्या केळीला पाणी पोचत नाही. तसे डोळ्याला रक्त पोचत नाही. डॉक्टर याला जायंट सेल आर्टरायटिस म्हणतात. नाव अवघड आहे. ते पाठ करू नका, खुणा ध्यानात ठेवा.

हा रोग ५० वर्षांच्या आत बहुधा होत नाही. सत्तरीपुढे जास्त होतो, आणि पुरुषांपेक्षा बायांना जास्त. आपल्याकडे तो थोडा आढळतो. म्हणून चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही.

आजी म्हणते, "फणी लावू नको गं, डोकं हुळहुळतं." कळण्याची भाकरी चावताना चार घासांत तिचा जबडा भरून येतो. थांबली की बरे वाटते. पुन्हा चावले की पुन्हा दुखते. दातदुखीची तऱ्हा वेगळी असते. ही खूण फार मोलाची. कधी कानशिलावरची शीर सुतळीसारखी हाताला लागते. बारीक ताप येतो, वजन घटते, सकाळी खांदे नि मांड्या आखडतात. १८९० साली लंडनच्या हचिन्सन डॉक्टरांनी ऐंशी ओलांडलेल्या एका म्हाताऱ्याची हकीकत लिहिली. डोक्यावर लाल रेघा उठल्या होत्या. त्याला टोपीसुद्धा घालवेना.

मग एक दिवस डोळ्यापुढे पडदा येतो, किंवा एकाचे दोन दिसतात. डोळा दुखत नाही. लोक म्हणतात, मोतीबिंदू असेल. पण मोतीबिंदू सावकाश वाढतो, आणि शस्त्रक्रियेने नजर परत येते. इथे नजर एका दिवसात जाते, नि गेलेली बहुधा परत येत नाही. दुसरा डोळाही थोड्या दिवसांत जाऊ शकतो.

म्हणून आम्ही सांगतो, पडदा आला तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी भुसावळ गाठा, नाही तर जळगावचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. तिथे डोके, जबडा, डोळे, तिन्हींचे सांगा. डॉक्टर रक्त तपासतात. कानशिलाच्या नळीची सोनोग्राफी करतात, किंवा तिचा बारीक तुकडा काढून तपासतात. पण संशय दाट असला, तर तपासणीच्या निकालासाठी औषध अडवीत नाहीत. प्रेडनिसोलोन नावाच्या गोळ्या लगेच सुरू करतात.

थोड्या दिवसांतच डोके उतरते. खरी चूक इथेच होते. बरे वाटले, की माणूस गोळ्या सोडतो. या गोळ्या एकदम बंद करणे धोक्याचे आहे. डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. त्याला वर्ष, दोन वर्षेही लागतात. त्यांनी साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. म्हणून मधून मधून तपासणी हवी. औषधाचा कागद जपून ठेवावा, नि दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे जाताना, दाढ काढायला गेले तरी, तो बरोबर न्यावा.