बसमधला माणूस ‘ऑन’ का?

मराठीत आपण रिक्षात असतो, बसमध्ये असतो, विमानात असतो. इंग्रजीत मात्र रिक्षातला माणूस ‘इन’ आणि बसमधला ‘ऑन’. टपावर कुणी नसतानाही ‘ऑन द बस’! शाळेत हे पाठ करून घेतात आणि पाठ केलेले ऐन बोलताना आठवत नाही. यामागची रीत मात्र समजून घेण्याजोगी आहे.

जिथे उभे राहून चालता येते आणि जे ठरल्या मार्गाने लोकांची ने-आण करते, त्या वाहनाला ‘ऑन’: बस, आगगाडी, विमान, जहाज. मोटारीत किंवा टॅक्सीत वाकून शिरायचे, म्हणून ‘इन’. चार्ल्स फिलमोर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने यातली खरी मेख दाखवली. मोडीत निघालेल्या बसमध्ये मुले खेळत असतील, तर ती ‘इन द बस’. बस तीच, पण तिचा प्रवास थांबला आणि ‘ऑन’ही गेले. म्हणजे माणूस आत आहे की वर, एवढ्याने भागत नाही. तो तिथे कशासाठी आहे, हेही पाहावे लागते.

जेवायला बसलेला माणूस ‘ॲट द टेबल’, आपल्या ‘टेबलाशी’सारखा. ‘ऑन द टेबल’ म्हटले की तो टेबलावर चढला! पांघरूण घेऊन निजलेला ‘इन बेड’, नुसता टेकलेला ‘ऑन द बेड’. कोपऱ्याच्या बाबतीत तर मराठी कान पुरेसा आहे: खोलीच्या कोपऱ्यात ‘इन’, रस्त्याच्या कोपऱ्यावर ‘ॲट’ किंवा ‘ऑन’.

झाडापाशी मात्र हा कान फसवतो. आपला पोपट झाडावर, आंबे झाडाला. इंग्रजीत फांद्यापानांत बसलेला पोपट ‘इन द ट्री’ आणि लगडलेले आंबे ‘ऑन द ट्री’. शिवाय इंग्रजी बोलणाऱ्यांतही एकमत नाही. संघातला खेळाडू ब्रिटनमध्ये ‘इन द टीम’, अमेरिकेत ‘ऑन द टीम’. रांगेतला माणूस बाकीच्या अमेरिकेत ‘इन लाइन’, तर न्यूयॉर्कमध्ये बरेच जण ‘ऑन लाइन’ म्हणतात.

म्हणूनच एकेकटे वाक्य देऊन ‘रिकाम्या जागा भरा’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ‘शी इज सिटिंग … द कार’ याला ‘इन’ हे एकच उत्तर धरतात. पण मुलगी बॉनेटवर बसली असेल, तर ‘ऑन’ लिहिणाऱ्याचे गुण का कापायचे? प्रश्नाशेजारी एक चित्र छापायला हवे.