ताऱ्याचा वारा आणि फुगलेला मेघ
जानेवारी-फेब्रुवारीत छत्रपती संभाजीनगरहून व्याध ताऱ्याच्या पूर्वेला ‘थॉर्स हेल्मेट’ (एनजीसी २३५९) हा तेजोमेघ (चमकणारा वायू-धुळीचा ढग) कॅमेऱ्यात टिपता येतो. तो ताऱ्याच्या स्फोटातून झाला, असा समज होऊ शकतो. पण मेघाच्या आतला तारा अजून शाबूत आहे. तो वुल्फ-रायेट तारा (बाहेरचे थर झपाट्याने गमावणारा, अतितप्त) सेकंदाला हजाराहून अधिक किलोमीटर वेगाने कण फेकतो. हाच तारकीय वारा. त्यात हवा नसते. झाडूने रेटलेला पाचोळा पुढे साचत जावा, तसा भोवतालचा वायू कवचासारखा साचतो. छायाचित्रातली निळसर-हिरवी छटा बनावट नाही, ती ऑक्सिजनची. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. हा मेघ टिपायचा असेल तर शहरी दिवे टाळून म्हैसमाळसारखे शहराबाहेरचे ठिकाण गाठावे आणि लांब एक्स्पोजरची बरीच छायाचित्रे घेऊन ती एकमेकांवर रचावीत.