वाट कोणी अडवली?

गेल्या पंधरवड्यात पर्वरीच्या एका वसाहतीत आजारी स्नेह्याची विचारपूस करण्यासाठी आम्हांस जावे लागले. पणजीहून मांडवी ओलांडण्यास जेवढा वेळ लागला, त्याहून अधिक वेळ त्या वसाहतीत गाडी लावण्यास जागा शोधण्यात गेला. गल्लीला तीन प्रदक्षिणा घालून झाल्यावर अखेर एका वळणावर, कोणाच्या तरी फाटकाला चिकटून, आम्ही गाडी उभी केली आणि मनाशी म्हटले, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे! स्नेह्याकडे चहा होतो न होतो तोच बाहेर गलका झाला. शेजारच्या इमारतीतील एका वृद्धेला नेण्यासाठी रुग्णवाहिका आली होती. पण दुतर्फा लावलेल्या गाड्यांमधून तिला आत शिरता येईना. शेवटी चौघांनी त्या माउलीला खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत उचलून नेले. वाट अडविणाऱ्या चार-पाच गाड्यांत एक आमची होती. इतर मालकही धावत आले; कोणाच्याही तोंडी उर्मट शब्द नव्हता. प्रत्येक जण ओशाळून एवढेच म्हणत होता, "पाचच मिनिटांसाठी लावली होती." आमच्यापाशीही याहून वेगळे उत्तर नव्हते.

दुसऱ्यास चार शब्द सांगण्यापूर्वी ही कबुली देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पर्वरी हे काही आखीव-रेखीव वसविलेले नगर नव्हे. नदीपलीकडच्या पठारावरील वाडे पाहता पाहता राजधानीचे उपनगर झाले. १९७० साली मांडवीवर पूल झाला. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला, तेव्हा फेरीबोटीच्या रांगेत ताटकळणाऱ्या गोमंतकीयांना पुलाची किंमत कळली. पुढे नवे पूल उभे राहिले. २००० साली विधानसभा पर्वरीच्या टेकडीवर गेली. २०१९ च्या जानेवारीत सुमारे पाच किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. प्रत्येक पुलागणिक पर्वरी पणजीच्या जवळ आली आणि तेथे राहावयास जाणाऱ्यांची संख्याही वाढली. परंतु पूल रुंद झाले, तशा आतल्या वाटा रुंद झाल्या नाहीत. वाड्यावाड्यांना जोडणाऱ्या जुन्या वाटांवर डांबर चढले, कडेला चार-चार मजले उठले आणि प्रत्येक मजल्यागणिक गाड्या आल्या. त्या उभ्या कोठे राहावयाच्या, हा प्रश्न आराखडा मंजूर करणाऱ्याने, बांधणाऱ्याने आणि सदनिका घेणाऱ्यानेही एकमेकांवर सोडून दिला.

महामार्गावरील कोंडी फोडण्यासाठी पर्वरीत उन्नत मार्गाचे काम हाती घेण्यात आले. त्यासाठी २०२५ च्या मार्च महिन्यात खाप्रेश्वराचा जुना वड आपल्या जागेवरून हलविला गेला. त्या वडाखाली नारळ ठेवून पुढे जाणाऱ्या कित्येकांचे डोळे त्या दिवशी पाणावले. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत आम्ही येथे शिरत नाही. एवढेच विचारतो की, चालत्या गाड्यांसाठी ज्या समाजाने देवाचा वड हलविला, त्या समाजाला वळणावर उभी असलेली एक गाडी हलविता येऊ नये काय?

थोडा हिशेब मांडून पाहू. एका मोटारगाडीस उभे राहण्यास सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. म्हणजे एक बेताची खोली! पर्वरीत एवढ्या जागेत कोणी बिऱ्हाड थाटू म्हटले, तर त्यास महिन्याचे भाडे मोजावे लागेल. गाडीला मात्र तीच जागा सार्वजनिक रस्त्यावर अहोरात्र फुकट मिळते. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने, गाडी लावण्याचे शुल्क त्या जागेच्या मोलाशी सुसंगत असावे असे स्पष्ट म्हटले होते. जपानने तर १९६२ सालीच कायदा करून, गाडी ठेवण्यास स्वतःची जागा दाखविल्यावाचून मोटार घेता येणार नाही अशी व्यवस्था केली. आमच्याकडे इमारतीखाली गाड्यांसाठी सोडलेली जागा काही ठिकाणी भिंती घालून गुदामाला वा दुकानाला दिलेली दिसते, आणि गाड्या रस्त्यावर. या फुकटेपणाची किंमत कोणी तरी मोजतोच. पदपथ नाही म्हणून गाड्यांच्या रांगेबाहेरून, भर रहदारीतून शाळेत जाणारे मूल ती मोजते; काठी टेकीत देवळात निघालेली आजी मोजते.

चवथीला लोक आपापल्या मूळ घरी गेले, की या वसाहती ओस पडतात. तेव्हा पाहावे, रस्ता केवढा ऐसपैस असतो! तो अरुंद नाही. आम्ही तो अरुंद केला आहे.

तथापि सारा दोष गाडीवाल्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. माणूस हौसेनेच गाडी घेतो असे नाही. १९८० साली कदंब महामंडळ स्थापन झाले, त्या वेळी सामान्य माणसाने मोठी आशा बाळगली होती. आज महामार्गावर दिवसा बस मिळते. पण महामार्गापासून आतल्या वाड्यापर्यंतचा मैलभराचा चढ कोणी चढवावयाचा? संध्याकाळ कलली की बसगाड्या विरळ होतात आणि पायलटही सापडत नाही. मग घरात प्रथम दुचाकी येते, नंतर मोटार आणि मुलगा कमावता झाला की दुसरी मोटार. बस नाही म्हणून गाड्या, आणि गाड्यांमुळे बसला वाट नाही, असा हा फेरा आहे.

तो तोडण्यास नवा पूल नको. आतल्या रस्त्यांवर एकाच बाजूस गाड्या लावण्याचा नियम करून पंचायतींनी पट्टे आखावेत. वळणे व नाके मोकळे ठेवावेत. पदपथावर आणि कोणाच्या प्रवेशद्वारासमोर गाडी लावण्यास २०१७ च्या वाहनचालनविषयक केंद्रीय नियमांनी मनाई केलेलीच आहे. तिची अंमलबजावणी तेवढी हवी. इमारतींखालची बळकावलेली जागा मोकळी करावी. बाजारपेठेत तासावर शुल्क घ्यावे आणि त्या पैशातून आतल्या वाड्यांपासून महामार्गापर्यंत रात्री उशिरापर्यंत लहान बसगाड्या चालवाव्यात. यांतील एकही गोष्ट सरकारच्या ऐपतीबाहेरची नाही. मतदार दुखावण्याची भीती तेवढी आडवी येते.

१८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली. सार्वजनिक जागा सत्ताधीशाची नसून जनतेची आहे, हे त्या दिवशी या भूमीने जाणले. त्या तारखेचे नाव धारण करणाऱ्या पणजीतील रस्त्याच्या कडेला आज गाड्यांची रांग असते. परक्या सत्तेकडून जो रस्ता झगडून मिळविला, तो आपल्याच शेजाऱ्यास बंद करण्याचे स्वातंत्र्य त्या लढ्याने आम्हांस दिले नव्हते.

ती वृद्धा सुखरूप घरी परतली, असे आमच्या स्नेह्याने परवा कळविले. तेव्हा कोठे आमचा जीव भांड्यात पडला. आम्ही आता त्यांच्याकडे जातो ते गाडी महामार्गालगतच्या मोकळ्या जागेत ठेवून, पायी. दहा मिनिटे अधिक लागतात. तेवढी आमच्यापाशी आहेत. खुर्चीतून उचलून नेल्या जाणाऱ्या रुग्णापाशी ती नसतात.